आई विमानात बसली

साकोली,
२४ ऑक्टोबर २०१३

चि. अमर,
ताईचे आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर गाठते आहे. पत्र कट करता येत नाही.

हलका धान कापून झाला असेल. वहिनीची कंबर कशी आहे? डिंपल सहावीत गेली ना? मी मजेत आहे. कोजागिरीला पुण्यात आमचा प्रयोग होता, तिथल्या आपल्याकडच्या लोकांनी बोलावलं होतं. कंपनी रेल्वेने पुढे गेली. माझी आणि पेटीवाल्या तेजरामभाऊंची वडशाला तालीम होती, म्हणून आम्हा दोघांना नागपूरहून विमान. विमानाला मधेच थोडं काही झालं आणि ते परत आलं. मग दुसऱ्याने गेलो. प्रयोग रंगला. एवढंच.

आता कामाचं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दिघोरीच्या मंडईच्या जत्रेत रात्री आमचंच नाटक ठरलं आहे. मी तीच खाष्ट सासू करते, जिच्यापायी तू दोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. "मेलेल्या मायले लोकायनं हासाले स्टेजवर उभी केली तू," असं भर अंगणात म्हणालास आणि माझं ओवाळणीचं ताट तसंच राहिलं. ती सासू आपल्या आईसारखीच बोलते, हे मी तेव्हाही नाकारलं नाही, आताही नाकारत नाही. पण त्या रात्री मला तू पहिल्या रांगेत हवा आहेस. नाही म्हणायच्या आधी विमानाचं नीट ऐक. वर मी 'थोडं काही' लिहिलं, ते खोटं आहे.

वर गेल्यावर एका बाजूने दणका बसला आणि पट्टा सुटलेल्या थ्रेशरसारखं सगळं विमान थरथरायला लागलं. पायलट बोलला, एका इंजिनात बिघाड आहे, आपण नागपूरला परत जातो आहोत, घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यावर माणसं घाबरणारच. कोणी देवाचा धावा करत होतं, कोणी लागत नसलेला फोन लावत होतं. तेजरामभाऊंनी डोळे घट्ट मिटले होते.

"रंजिता, खाली जाऊन राहिलो का आपुन?"

"परत जाऊन राहिलो, भाऊ."

मी म्हणाले खरी, पण माझाही त्यावर विश्वास नव्हता. तेवढ्यात पलीकडचा एक आडदांड माणूस पट्टा सोडून उभा राहिला आणि दाराकडे निघाला. हवाईसुंदरी तिच्या जागेवरून ओरडत होती, त्याला ऐकू जात नव्हतं. आणि माझ्या तोंडून, मंडपाबाहेर सायकलवर उभ्या माणसालाही ऐकू जातो त्या आवाजात, निघालं:

"अमऱ्या! कायले बोंबलून राहिलास? बस खाली! हातपाय धू अन् गुमान जेवाले बस!"

तो मटकन बसला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, हातपाय धुवायला पाणी कुठाय?" आणि सगळे हसले रे! रडता रडता हसले.

मग मी थांबते का? चाकं टेकेपर्यंत आईच बोलत होती. एका पोरीला म्हणाली, "लेकराले पोटाशी धर, रडणं घरी जाऊन रड." बंद दाराकडे बघून पायलटला म्हणाली, "बापू, बैल सावकाश हाक, बंडीत बायामाणसं हायेत!" हवाईसुंदरी तोंडावर हात धरून हसत होती. खाली बंब उभे होते, पण त्यांना काही काम पडलं नाही. टाळ्या पायलटला पडल्या, त्याच्याच होत्या. पण उतरताना तो आडदांड माणूस माझ्या पाया पडला आणि आई म्हणाला. माझ्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा होता मेला!

दुसरं विमान दिलं तेव्हा बरेच जण घरी परत फिरले. तेजरामभाऊ म्हणाले, "मी पायी जातो पुण्याले." त्यांना दंडाला धरून चढवलं. मग मीही चढले. आणि रात्री पुण्यात असा प्रयोग केला की पडदा पडल्यावरही लोक उठेनात.

आई आयुष्यात भंडाऱ्याच्या पुढे गेली नाही. त्या दिवशी ती विमानात बसली आणि विमानभर माणसांनी तिचं ऐकलं. आता तूच सांग, यात तिची बेइज्जती कुठे झाली?

आणखी एक. नाटकात 'अमऱ्या' हे नाव कुठेच नाही. तुझ्याखातर मी ते कधी घेतलं नाही. त्या दिवशी ते आपोआप आलं, कारण मला वाटलं आता आपण काही उरत नाही, आणि मला तू हवा होतास. बाकी काही आठवलं नाही, अमर. तूच आठवलास.

भाऊबीजेला ताट घेऊन येते आहे. दार उघडं ठेव. दुसऱ्या रात्रीसाठी तुझी खुर्ची राखायला सांगितली आहे. ती रिकामी दिसली तर स्टेजवरून हाक मारीन. मंडप बाजारात आहे, आपलं घर त्याच्या मागेच आणि आईची हाक तिथून शेतापर्यंत जायची, तुला ठाऊक आहे. हातपाय धू आणि ये.

तुझी ताई,
आणि त्या रात्रीपुरती तुझी आई,
रंजिता