चौथ्या मजल्यावरची हवा

शनिवार, ९ बहमन

खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या पोटात गुडगुड. खाली जेमतेम कोमट, वर हात लावावा तर बर्फ. हवा अडकली आहे. बहमनच्या ऐन थंडीत साऱ्या तबरीझमध्ये तिला माझंच घर सापडलं – चौथा मजला, सगळ्यात वरचा. तळमजल्यावर परवीझीसाहेब, आमच्या इमारतीचे व्यवस्थापक, खिडक्या उघड्या टाकून बसतात. उकडतं म्हणे!

आई दोन शाली पांघरून खोकते. दक्षिणेतल्या बंदर अब्बासहून बहिणीचा, तहमीनेचा फोन : "दादा, घर तापत नसेल तर आईला मी घेऊन जाते. इथे पंखे चालू आहेत आमचे."

माझी बायको सुदाबे गेल्यापासून या घरात बोलायला आई तेवढी आहे. तहमीनेनं खुशाल पंखे लावावेत.

रविवार, १०

हवा सोडायची चावी आणून रेडिएटरच्या कोपऱ्यातला स्क्रू फिरवला. फुस्स – आणि संपलं. हवेमागून पाणी यायला हवं, ते नाही. तळघरातल्या बॉयलरचं पाणीच कमी झालंय, इतक्या वर चढणार कुठून? ते भरायचं काम परवीझींचं.

जिन्यात भेटलेच. "घर गरम आहे ना?"

"तुमच्या कृपेनं."

निघून गेलं तोंडातून. या प्रश्नाला दुसरं उत्तर आमच्या शहरात अजून कुणी दिलेलं नाही.

सोमवार, ११

आई म्हणाली, मला कुठे थंडी वाजतेय? म्हणताना दात वाजत होते.

मंगळवार, १२

इमारतीची बैठक. परवीझींनी मजल्यामजल्याला विचारलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मोहतरमबाई ओव्हरकोट घालून आल्या होत्या. म्हणाल्या, "अगदी उन्हाळा वाटतो." मी म्हणालो, "आपण असताना काय कमी आहे?"

परवीझी खूश. "सगळे समाधानी, मग बॉयलर जरा कमी करतो."

सगळ्यांनी आभार मानले. मीसुद्धा.

गुरुवार, १४

आईचा खोकला छातीत उतरला. तहमीने तिकिटं बघू लागली. मी सकाळी थेट परवीझींच्या दारात. आत या, बसा, चहा घ्या – सगळ्याला नाही म्हटलं आणि बोललो, "साहेब, घर गार आहे. आई आजारी पडतेय."

त्यांचा चेहरा उतरला. "अहो, मग परवा बैठकीत…?"

"परवा खोटं बोललो."

आतून त्यांची बायको, "मी म्हणत नव्हते, वरची माणसं घरातसुद्धा टोप्या का घालतात?"

पाणी भरलं. मी चावी फिरवली, परवीझी वाडगा धरून बसले. हवा निघता निघेना. आमच्या बैठकीतसुद्धा एवढी पोकळ हवा निघाली नव्हती. शेवटी काळं पाणी उडालं, नेमकं त्यांच्या बाहीवर.

"माझा शर्ट धन्य झाला," म्हणाले. सुधारायचे नाहीत.

रेडिएटर वरपासून खालपर्यंत तापला. संध्याकाळी आईनं शाली काढल्या. तहमीनेला कळवलं, तिकीट नको.

शुक्रवार, १५

आईनं बॅग भरली. म्हणाली, "गारठ्यात तुला एकट्याला टाकून पाय निघत नव्हता. आता घर उबदार झालं. तहमीनेला सांग, येते म्हणावं."