तुझ्या जाळ्याचं कुंपण

प्रिय बाबा,

काल चोपडे गावच्या सभेत एका बाईनं मला तुझ्याबद्दल विचारलं, म्हणून आज तुला लिहायला बसलेय. तू गेलास तरी माझं काम तेच आहे. आम्ही काही स्वयंसेवक गावोगाव जातो, देवळाच्या मंडपात नकाशा लावतो आणि कासवं अंडी घालतात तो किनारा मोकळा का ठेवायचा, ते समजावतो.

लोक ऐकेनासे झाले की मी तुला पुढे करते. "मांद्र्याला माझ्या वडिलांनी रापणीच्या जाळ्याची जागा आनंदानं सोडली!" पाठच झालंय ते वाक्य. काल मागं बसलेल्या मासे विकणाऱ्या बाईनं विचारलं, "मागीर ते रापण ओडपाक खंय गेले?"

रापण ओढायला खंय गेलास, बाबा? कुठंच नाही!

आपल्या मांद्र्याच्या सभेत सगळे माझ्यावर तुटून पडले होते, आठवतं? "पोटार पांय दिता गो तूं!" मी नुसती तुझ्याकडे बघत राहिले. चारचौघांत तू मला तोंडघशी पाडणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक होतं. लेकीकडे बघत तू उठलास. "म्हज्या चेडवान सांगलां न्हय? मागीर जालें." रापणकारांचा म्होरक्याच हो म्हणाला, मग बाकीचे काय बोलणार?

मला केवढा आनंद झाला होता! त्या भरात तुझा चेहरा मी बघितलाच नाही.

रापण म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचे तुकडे जोडून केलेलं लांब जाळं. बाकीचे आपापले तुकडे सोडवून दुसऱ्या किनाऱ्यावरच्या रापणीत गेले. तुलाही बोलावत होते, पण परक्या वाळूत दोर ओढायला तुझं मन घेईना. गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यात पडवीत बसून विणलेला आपला तुकडा तू कापलास आणि माझ्यापुढे टाकलास. "घे, कुत्र्यांक आडावपाक जातलें." आम्ही त्याचं अंड्यांभोवती कुंपण केलं. आणि मी काय केलं? फोटो काढले! अजून सभेत दाखवते.

त्यानंतर नारळी पुनवेला तू किनाऱ्यावर आलाच नाहीस. पाय दुखतो म्हणालास. एकदा तरी माझ्याशी भांडायचं होतंस रे! सगळ्या गावाला विचारत फिरले मी, पण घरात चहा पिताना तुला काही विचारलं नाही. फार लाज वाटते.

पिल्लं समुद्रात जातात, बाबा. काम खोटं नाही. ते "आनंदानं" मात्र खोटं होतं.

परत चोपड्याला जायचंय. तिथं हे खरं सांगेन आणि आधी त्या बाईच्या शेजारी बसून, जागा सुटली तर ती माणसं कुठं जातील ते विचारीन, "तुमी खंय वतले?" आणि एखादा बाप लेकीकडे बघून नुसतं "जालें" म्हणत उठला, तर त्याला हाताला धरून खाली बसवीन. त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत नकाशा उघडणार नाही.

तुझं चेडू,
सुलभा