बसवंतच्या नोंदींवर मिळालेला पुरस्कार

मी, डॉ. इंदू सिद्रामप्पा बिराजदार, वय ६१, मानसोपचाराची निवृत्त प्राध्यापक, राहणार लातूर, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण भानावर राहून माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. याआधी कुठे काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. रेणापूरचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. थोरला भाऊ बसवंत याने तिथे हयातभर राहावे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या नावापुढे हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहीत आहे. त्याचे जेवणखाण आणि गोळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या धुरपताबाई यांनाही तिथून कोणी उठवू नये.

२. चुलतभाऊ अंबरीश याला काही मिळू नये. “गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई यानं,” असे तो बसवंतच्या समोर बोलला. त्याला दोष देताना माझी मान खाली जाते. मी स्वतः काय केले, ते पुढे लिहिते.

३. १९९९ साली मला तरुण संशोधकांचा पुरस्कार मिळाला. घरच्यांनी आजार लपवल्याने रुग्णाचे काय होते, हा माझा विषय होता. त्यातला ‘रुग्ण क्रमांक एक’ म्हणजे बसवंत. नऊ वर्षे त्याचे बोलणे मी वहीत टिपले, त्याला न विचारता. समारंभ नांदेडला होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो एकटाच एसटीने आला. दारात माझ्या मार्गदर्शकांनी विचारले, “हे कोण?” मी म्हणाले, “गावाकडचे आहेत, ओळखीचे.” बसवंतने त्यांना नमस्कार केला आणि मागच्या रांगेत जाऊन बसला. टाळ्या संपेपर्यंत तो थांबला होता.

गेल्या दिवाळीत मी त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, “मला तवाच कळलं व्हतं. तुझं नाव खराब व्हईल म्हनून गप ऱ्हायलो.” मला रडूही आले नाही, इतकी लाज वाटली.

४. त्या पुरस्काराचे पदक आणि प्रशस्तिपत्र ते देणाऱ्या संस्थेला परत करावे, सोबत या मृत्युपत्राची प्रत जोडावी. माझ्या विद्यार्थिनी डॉ. मालविका यांनी हे काम करावे. त्यांना माझी पुस्तके द्यावीत.

५. उरलेल्या बचतीतून मानसिक आजारांवर काम करणाऱ्या नव्या संशोधकाला दरवर्षी पुरस्कार द्यावा. अट एकच. ज्यांच्यावर अभ्यास केला त्यांना तो छापण्याआधी त्यांच्या बोलीत वाचून दाखवलेला असावा, आणि त्यांनी नको म्हटलेले गाळलेले असावे.

या पुरस्काराला बसवंतचे नाव द्यावे, असे माझ्या मनात होते. या वेळी मी विचारले. तो म्हणाला, “नगं. लोक आजाराचंच नाव म्हनतील त्याला.”

म्हणून पुरस्काराला कोणाचेही नाव देऊ नये.

वरील मजकूर वाचून, समजून मी साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष केली.

सही: इंदू सिद्रामप्पा बिराजदार

साक्षीदार:
१. महानंदा गायकवाड, निवृत्त परिचारिका, लातूर
२. आदर्श सोनकांबळे, शिक्षक, रेणापूर

लातूर, दि. १४ फेब्रुवारी २०२५