एका रुपयाची पावणी

पार्से, पेडणे
सोमवार, दुपारचे जेवण झाल्यावर

तीर्थरूप म्हणावे तर आपण माझ्याहून चार महिन्यांनी लहान, आणि चिरंजीव म्हणावे तर मुलीचे सासरे. तेव्हा मधला मार्ग म्हणून सन्मान्य व्याहीबाब श्रीनाथबाब असे लिहितो आणि मधुकरचा वाकून नमस्कार कळवतो. (वाकून म्हणजे मनाने. कंबरेचे आपणांस ठाऊक आहेच.)

आपली प्रकृती बरी असेल. कानाचे यंत्र आपण वापरत असाल, टेबलाच्या खणात ठेवत नसाल. विहीणबाईंनी पाठवलेले मिस्कूट, म्हणजे कैरीचे लोणचे, पोचले आणि संपले. तनया आपल्या घरी स्वयंपाकात मीठ बेताने घालते ना? इथे होती तेव्हा समुद्र आमच्या घरातून जातो असे वाटायचे. जावईबापू गौरेशला आशीर्वाद. फोन न करता पत्र का, असे आपल्या मनात येईल. मागच्या खेपेस मी फोनवर ‘नाणी दाखवायची आहेत’ म्हटले आणि आपण न्हाणी दुरुस्त करणारा गवंडी पाठवलात. (काम मात्र त्याने चोख केले, अजून कुठे गळत नाही.) म्हणून हे पत्र, पाव घेऊन येणाऱ्या आमच्या पदेराबरोबर पाठवतो आहे. उद्या सकाळी तो पेडण्याच्या बाजारात येतो. पत्राचे कारण म्हणाल तर विशेष काहीच नाही, सहज खुशाली.

काल रविवारी मी डिचोलीला गेलो होतो. तिथल्या एका सभागृहात जुन्या नाण्यांची फेरी, म्हणजे प्रदर्शन आणि बाजार, भरली होती. सकाळी कपाटातून दहा हजार रुपये काढून खिशात घालताना आमच्या चंद्रावतीने पाहिले आणि दारातच अडवून विचारले, “एक रुपयो हाडूंक धा हजार व्हरतात? वा रे वेव्हार!” आता हिला काय सांगणार? संसाराला बेचाळीस वर्षे झाली, पण रुपयात आणि रुपयात फरक असतो हे तिला पटलेले नाही. बसमध्ये बसलो तर कंडक्टरने माझे दहा रुपयांचे नाणे परत केले. चालत नाही म्हणे. सरकारचे चालू नाणे चालत नाही आणि मी निघालो होतो शंभर वर्षांपूर्वीचे बंद नाणे दहा हजार देऊन आणायला. हे मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यावर त्याने मला ड्रायव्हरच्या मागची, लक्ष ठेवता येईल अशी सीट दिली.

फेरी म्हणजे काय वर्णावी! एका टेबलावर शिवकालीन म्हणून जे नाणे माझ्या हातात दिले ते अजून कोमट होते. दुसऱ्या टेबलावर ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट घेऊन एक सद्गृहस्थ बसले होते. तिला दोन लाख येतात असे त्यांना मोबाईलवर कुणी सांगितले होते, आणि दोन लाख देणारा येईपर्यंत उठायचे नाही असे ते घरी सांगून आले होते. (दुपारी चारला मी निघालो तेव्हाही बसलेलेच होते. सोबत डबा होता.) पण मी कुठे रेंगाळलो नाही. माझे लक्ष एकाच वस्तूवर होते. दों कार्लुश राजाचा १९०३ सालचा चांदीचा रुपया.

श्रीनाथबाब, आपण माझा संग्रह पाहिला आहे. (पाहताना आपण झोपलात, पण निम्मा तरी पाहिलात.) पोर्तुगिजांच्या सगळ्या चांदीच्या रुपयांत माझ्याकडे हा एकच नाही. बावीस वर्षे तो कप्पा रिकामा आहे. मिळत नाही असे नाही, मिळतो, पण डाखलेला मिळतो. आपल्या आज्या-पणज्यांनी हाती आलेला रुपया घेतला, राजाच्या टाळूवर कडी डाखली आणि गळ्यात घातला. पेडणे महालातले निम्मे राजे तर आपल्या सोनार तीर्थरूपांनीच डाखले असतील, राग नसावा. कडी काढली तरी डाखाचा डाग जात नाही, आणि डाग असलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने बाटलेले. कालचा रुपया मात्र स्वच्छ होता. मिशीचा केस न् केस वेगळा. मी भिंगातून पाहिला आणि, आपल्यापासून काय लपवायचे, माझे डोळे भरून आले. भिंगावर वाफ धरली म्हणून नाणे दाखवणारा माणूस ओरडला.

तीन वाजता त्याचा लिलाव होता. आता इथून पुढे जे घडले त्याचा दोष माझा की आपल्या गावाच्या रीतीचा, ते आपणच ठरवा. लिलाव म्हणजे आपण लहानपणापासून एकच पाहिला, देवळातली पावणी. जत्रा झाली की देवापुढचा नारळ, कोहळा, केळ्यांचा घड यांची पावणी होते, आणि देवाची वस्तू सवंग जाऊ नये म्हणून समोर कुणी बोलणारा नसला तरी आपला आकडा आपणच वाढवायचा. न वाढवणाऱ्याकडे गाव कसे बघते ते मी सांगायला नको. आपण स्वतः दोन वर्षांमागे एका घडाला एकट्याने सातशेवरून सतराशेवर नेलेत, आणि त्यातली निम्मी केळी किडकी होती. हे वळण हाडात मुरलेले असते हो.

लिलाव करणारा मुंबईकडचा, कोट घातलेला. बोली अडीच हजारांपासून निघाली. मडगावचा एक चष्मेवाला माझ्याबरोबर बोली चढवत होता, तो साडेतीन हजारांवर गळाला. मी चार हजार म्हटले आणि सभागृह गप्प झाले. कोटवाला म्हणाला, चार हजार एक वार. चार हजार दोन वार. श्रीनाथबाब, त्या क्षणी मी नुसते तोंड मिटून बसलो असतो तर बावीस वर्षांचा कप्पा भरला असता! पण राजा तिथे मखमलीवर एकटा पडलेला, त्याच्यासाठी कुणी बोलत नाही, आणि चार हजारात तो जाणार हे पाहून माझा जीव कळवळला. माझ्या तोंडून निघून गेले, “साडेचार!”

कोटवाल्याने चष्मा काढला. “काका, आधीची बोली तुमचीच आहे.” मी म्हटले, ठाऊक आहे. पाच! लोक माना वळवून बघायला लागले. मला वाटले कौतुकाने बघतात, म्हणून आणखी जोर चढला आणि मी साडेपाच केले. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, “सहा.” तिथून पुढे मी आणि तो. मी साडेसहा, तो सात. माझा आवाज चढत चालला, त्याचा मात्र भाजी घेतल्यासारखा. शेवटी मी दहा हजार म्हटले, म्हणजे परतीच्या बसभाड्यासकट सगळे. तो म्हणाला, दहा हजार शंभर. हातोडा पडला. माझ्याच तोंडाने मी माझा रुपया घालवला.

बाहेर पायरीवर बसलो होतो तर तोच माणूस दोन चहा घेऊन आला. मारुती त्याचे नाव. मूळ चंदगडकडचा, तुये इथल्या वसाहतीत कारखान्यात कामाला, तुयेतच खोली घेऊन राहतो. नाण्यांतले त्याला ओ की ठो कळत नाही. पहिल्या मुलीचे लांबलेले बारसे गुरुवारी आहे (पोर पाच महिन्यांची झाली), तिच्यासाठी सोन्याचे काही घ्यावे म्हणून डिचोलीला आला, सोन्याचा भाव ऐकून सोनाराच्या पायऱ्या उतरला आणि उन्हाचा त्रास नको म्हणून पंख्याखाली येऊन बसला. मग बोली का लावलीस, असे मी विचारले. त्याने अगदी सरळ मनाने सांगितले, “काका, तुमी एकटंच वाढवत निघालासा. म्हटलं, एवढा जाणता माणूस सोताच्याच बोलीवर बोली लावतोय, म्हंजे ह्यात कायतरी हाय. मग पोरीलाच घ्यावं की!”

यावर मी चहा संपवला. चहा मात्र चांगला होता. मग त्याने विचारले, तुमच्या पेडण्याला हातचा खात्रीचा सोनार कोण? आता व्याह्यांच्या कलेचा विषय निघाला की मला भान राहत नाही. मी आपले नाव, दुकानाची खूण, तीन पिढ्यांचा लौकिक, सगळे सांगितले. त्याने ते मोबाईलवर टिपून घेतले. आणि मग मी विचारले, सोनार कशाला? (हे आधी विचारायचे असते, असे चंद्रावतीचे म्हणणे.) तर म्हणाला, कडी डाखून घ्यायला. पोरीच्या गळ्यात घालायला.

परतीच्या प्रवासाचे मला काही आठवत नाही. पण आपण चिंता करू नये. मनुष्याने वस्तूचा मोह धरू नये, हे मला या वयात पूर्ण समजलेले आहे. माझे मन अगदी शांत आहे. विहीणबाईंना नमस्कार, तनयाला पाठवून द्या चार दिवस.

आपला नम्र,
मधुकर

ता. क. : मन शांत असल्यामुळेच सुचले म्हणून लिहितो. उद्या दहाच्या सुमारास मारुती आपल्याकडे येईल. व्याहीबाब, आजवर आपणांकडे मी काही मागितले नाही. लग्नातसुद्धा मानपानावरून तोंड उघडले नाही. (कानटोपीवरून बोलली ती चंद्रावती.) तेवढी कडी डाखू नका! भाता बिघडला म्हणा, हात थरथरतो म्हणा, कान तर आहेच, त्याने ‘कडी’ म्हटले की आपण ‘कढी’ ऐका. फारच चिकटला तर रुपयाभोवती चांदीचे बारीक घर करून द्या, राजाला आगीची झळ न लागू देता. पण शक्यतो आजचे उद्यावर, उद्याचे परवावर ढकला. गुरुवार टळला की बारशाला दुसरे काहीतरी घेईल, आणि मग मी हळूच त्याच्याकडे जाईन. हे वाचून झाल्यावर कागद फाडावा. बावीस वर्षे म्हणजे थोडी नव्हेत, श्रीनाथबाब.

ता. क. दुसरा : पाकिटाला डिंक लावत होतो तर दारात मारुती उभा. बरोबर बायको रत्ना, तिच्या कडेवर टोपडे घातलेली मुलगी. घर कसे सापडले म्हणून विचारले, तर म्हणाला, तिठ्यावर विचारलं, स्वतःच्याच बोलीवर बोली लावणारे काका कुठं राहतात, तर चौघांनी एकदम बोट दाखवलं. म्हणजे बातमी माझ्याआधीच्या बसने आली होती.

त्याला काल घरी गेल्यावर चैन पडले नाही म्हणे. रत्नाने त्याला चांगला झाडला. म्हातारा माणूस पायरीवर बसला होता आणि तू त्याला चहा पाजून आलास? त्याने रुपया काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “तुमचा जीव हाय ह्यात. घेतल्या भावालाच घ्या. पोरीला मी पैंजण करतो.”

मी काही बोलायच्या आत चंद्रावती आत गेली, आणि कालचे दहा हजार आणि वर स्वतःच्या डब्यातले शंभर आणून तिने माझ्या हाताशी ठेवले. बेचाळीस वर्षांत हिने माझ्या नाण्यांवर घातलेला हा पहिला पैसा. मी रुपया हातात घेतला. भिंग आणले. तोच तो, एक चरा नाही. म्हटले, तुम्हांला दाखवतो कशासाठी एवढा जीव टाकतात ते, आणि रत्नाला दिसावा म्हणून पुढे केला. तर त्या मुलीने हात लांब करून तो घेतला.

घेतला म्हणजे घेतलाच. मी सोडवायला गेलो तर मुठीतून निघेना. मग तिने राजाला तोंडात घातले, मिशीसकट, आणि माझ्याकडे बघून हसली. संग्राहक नाण्याला कडेने धरतो, बोटाचा ठसा उमटू देत नाही, आणि इथे लाळ हनुवटीवरून ओघळत होती. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, आला नाही. मारुती ओशाळून तिची मूठ उघडायला लागला तेव्हा मीच म्हटले, राहू दे रे.

चंद्रावतीने तिला साखर दिली. पैसे डब्यात परत गेले. गुरुवारी आम्ही दोघे बारशाला जातो आहोत. मुलगी पाळण्यात घालायच्या आधी रुपया मीच तिच्या गळ्यात घालायचा, असे रत्नाने ठरवून टाकले आहे. मी हो म्हटले, आणि ती मंडळी गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसलो. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण तसले वाईट नव्हे.

वरचा ता. क. फाडायचा होता, पण हा मजकूर त्याच्याच पाठीवर लिहीत बसलो. तेव्हा तेवढा वाचला नाही असे समजावे.

ता. क. तिसरा : उद्या दहाला मारुती येईल, त्याला तिष्ठत ठेवू नका. भाता नीट आहे, हात नीट आहे, आणि कृपा करून कानात यंत्र घाला. कडी नाण्याच्या मागे मुकुट आहे त्या बाजूने घ्या म्हणजे राजाचा चेहरा शाबूत राहील. आणि डाख घट्ट घाला, श्रीनाथबाब. पोर ओढखोर आहे.