मंगळवारचा वर्ग बंद झाला, नोआम

नोआम बाळा,

आज लायब्ररीतून फोन आला. तुझा मंगळवारचा इंग्रजीचा वर्ग त्यांनी कायमचा बंद केलाय, तुझं कपाट रिकामं करून हवं होतं. मी ड्राइव्ह करून गेले, दोन खोकी भरून आणली. घरी आल्यावर कुणाला सांगावं कळेना. तुझ्या काकांना जाऊन सहा वर्षं झाली. मग तुलाच लिहायला बसले. मराठी तुला बोलता यायचं, वाचता नाही. पण आता त्यानं काय फरक पडतो?

तुझी आई रूथ आणि मी, अलिबागजवळच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरातल्या दोघी बहिणी. मी लग्न होऊन न्यू जर्सीत आले, ती इस्राएलला किबुत्झवर गेली. शेत, गोठा, स्वयंपाकघर, सगळं सगळ्यांचं, असं ती पत्रात लिहायची. तू तिथेच जन्मलास, शंभर माणसांबरोबर जेवत वाढलास. म्हणूनच माझ्याकडे राहायला आलास तेव्हा तुला एकट्यानं जेवायला जमेना. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून साडेसातला यायचे, तोवर भाताचं पातेलं झाकलेलंच असायचं. "मावशी, आधी तू बस," म्हणायचास, तुझ्या आईच्या जुन्या कोकणी हेलात.

तीन वर्षं सैन्यात काढून आला होतास. त्याबद्दल बोलायचा नाहीस. मी एकदाच विचारलं.

"तिथे मी लोकांशी बोललोच नाही, मावशी. थांब, मागे हो, कागद दाखव, एवढंच. आता जरा नीट बोलायचंय कुणाशीतरी."

इथे शिकायला आलास आणि शिकवायलाच लागलास. डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, मुलांच्या टीचरला काय विचारायचं, घरमालकानं हीटर दुरुस्त केला नाही तर काय म्हणायचं. नातवंडांसाठी इथे आलेल्या गुजराती आज्या, मेक्सिकोचे दोन सुतार, आणि सल्मा. पॅलेस्टिनी. तिचा भाऊ गाझात राहायचा. मी चहाचा थर्मास घेऊन यायचे आणि मागे बसायचे. तू तिचे उच्चार दुरुस्त करायचास, ती तुझे. तुझंही इंग्रजी काही फार सरळ नव्हतं. किती हसायचात दोघं.

मग तिकडे युद्ध सुरू झालं.

पुढच्या मंगळवारी सल्मा आली. वर्ग सुटताना तू शिकवलेल्या इंग्रजीत तिनं विचारलं, "टीचर, तुला परत सैन्यात बोलावलं तर तू जाणार?"

तू म्हणालास, "माहीत नाही."

तिनं वही मिटली, ओढणी सारखी केली आणि निघून गेली. पुन्हा वर्गात आली नाही. तू दोनदा तिच्या घरी जाऊन आलास. काय झालं ते सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

तुझ्याबरोबर वाढलेली किबुत्झवरची मुलं आधीच तुकडीत हजर झाली होती. त्यांचे मेसेज यायचे. एका सकाळी म्हणालास, "तिकीट काढलं." मी नेवार्कच्या विमानतळावर सोडायला निघाले. एक्झिट चुकायला नको म्हणून माझं सगळं लक्ष पाट्यांकडे. तेव्हा तू विचारलंस, "मावशी, तू सांग. जाऊ का मी?"

आणि मी काय म्हणाले? "तिकीट काढलंयस ना, आता काय विचारतोस?"

तू हसलास. उतरलास, बॅग काढलीस, खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवलास.

इतक्या उशिरा का विचारलंस, नोआम? आदल्या आठवड्यात विचारायचंस. आपण रोज समोरासमोर बसून जेवत होतो. मी "नको जाऊस" म्हणाले असते तर थांबला असतास का? की नुसतं कुणीतरी तसं म्हणायला हवं होतं तुला?

पाचव्या आठवड्यात रूथचा फोन आला. "लिया, आपला नोआम गेला." गाझात तुम्ही ज्या घरात शिरलात ते घरच अंगावर आलं, एवढंच तिला सांगितलं होतं. माझी फ्लाइट कॅन्सल झाली. तुला मातीत ठेवलं तेव्हा मी इथे होते. आपल्या सुतकाच्या रीतीप्रमाणे आरशांवर चादरी टाकून सात दिवस जमिनीवर बसले.

सहाव्या दिवशी बेल वाजली. सल्मा होती, हातात भाताचं झाकलेलं भांडं. "फॉर टीचर," म्हणाली. मग म्हणाली, "माय ब्रदर ऑल्सो."

तिला आत घ्यायला हवं होतं. भावाचं नाव तरी विचारायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, तो मेला तिथे तू तर नव्हतास ना? तिच्या डोळ्यांतही तेच दिसलं मला. मी भांडं घेतलं, थँक यू म्हटलं आणि दार लावलं. आठवड्यानं भांडं परत द्यायला गेले तर घर रिकामं होतं. कुठे गेले, शेजारच्यांना ठाऊक नव्हतं.

तुझं काम पुढे चालू राहील, असं इथल्या शोकसभेत सगळे म्हणाले. नाही राहिलं. दुसरे शिक्षक आले, चांगले होते. पण माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागली, मग यायचीच थांबली. शेवटच्या मंगळवारी आम्ही तिघं होतो, त्यात मी चहावाली. मला वाटलं होतं, निदान एवढं तरी राहील.

रूथ दर शुक्रवारी फोनवर तेच विचारते, "जाताना काय म्हणाला गं?" मी सांगते, हसत गेला. ते खोटं नाही, पण तेवढंच नाही. या शुक्रवारी मी तिला तुझा प्रश्न सांगणार आहे, आणि माझं उत्तरही. त्यानं तिचं दुःख हलकं होणार नाही, माझंही नाही. कदाचित त्यानंतर ती माझा फोन उचलणारही नाही, आणि तिच्याशिवाय माझं आता कुणी नाही. तरी सांगेन. हा शब्द देते तुला.

तुझी,
लिया मावशी
पार्सिपनी