माझ्या डाव्या डोळ्याचा फोटो

३ फेब्रुवारी
बडनेऱ्याहून अकोल्याला, डोळ्यांच्या डॉ.कडे. डाव्या डोळ्याने फळा धूसर दिसतो म्हणून. थेंब टाकून आतला फोटो काढला. पडद्यावर नारिंगी गोळा, एका बाजूला पिवळा चंद्र, त्यातून निघालेल्या शिरा. वरच्या अर्ध्या भागात लाल शिंतोडे, पळस फुलल्यासारखे. तोंडातून निघून गेलं, किती सुंदर. डॉ. म्हणाले, "मॅडम, शीर बुजलीय. रक्त आहे ते."
इतकी वर्षं ड्रॉइंग शिकवते. असा लाल मला कधी जमला नाही.

१७ मार्च
डोळ्यात दुसरं इंजेक्शन झालं. फरक नाही. वर्गात फळ्यावर माठ काढला, काठ तिरका गेला. मुलं हसली नाहीत. हसायला हवी होती.

२ मे
दवाखान्यात बाकासमोर नवी फ्रेम. माझाच डोळा. शिंतोड्यांवरून ओळखला. खाली डॉ.चं नाव, 'छायाचित्र स्पर्धा, प्रथम पारितोषिक'. शेजारची बाई म्हणाली, "काय मस्त पेंटिंग हाये, नाई?" हो म्हटलं.
आत डॉ. खुशीत. "ओळखलंत?"
"मला विचारलं नाही तुम्ही."
"पण तुमचं नाव कुठे टाकलंय?"
तेच तर.

३ मे
ह्यांना सांगितलं. ड्यूटीवरून आलेले, बूट काढत म्हणाले, "त्याले सांग, काढ मना. नाई त मी येतो." मग दुसरा बूट काढता काढता, "पन दिसते कसं?"
छान दिसतं, मी म्हणाले. खोटं कशाला.

१९ जून
डॉ. म्हणाले, डाव्याला आता याहून जास्त दिसणार नाही. औषधाचं सांगावं तसं सांगितलं. मी म्हणाले, फ्रेम उतरवा. वाद घातला नाही त्यांनी. कंपाउंडरने उतरवून पुसून हातात दिली. "घेऊन जा मॅडम. आमी काय करू हिचं."
गाडीत मांडीवर उलटी धरून आणली.
घरी ह्यांनी सरळ करून बराच वेळ पाहिली. मग स्वतःहून हातोडी काढली. माझी चित्रं कपाटावर गुंडाळलेली आहेत. त्या चित्रांसाठी खिळा मागितला की हे म्हणायचे, भिंत खराब होते.
"कुठं ठोकू?"
सांगते, मी म्हणाले. चहा झाला, जेवणं झाली. हातोडी अजून टेबलावरच आहे. काय सांगावं...