बाबा क्रीम आणायला गेलेत

दादा,

फ्रूट सॅलडसाठी क्रीम आणतो म्हणून बाबा बाहेर पडले, ते अजून परतले नाहीत. मोबाइल ओट्यावरच राहिलाय. दुकानदार म्हणतो, "इकडे फिरकलेच नाहीत." मी आपल्या जुन्या घराकडे बघायला जातेय. गेल्या आठवड्यातही ते तिथेच, बंद दारासमोर उभे सापडले होते. "दादाला सांगू नकोस" म्हणाले, म्हणून मी गप्प बसले.

आई पार्लरमधून आली तर तिला काही बोलू नकोस. लग्नाच्या वाढदिवशी तरी नको. केळी आत्ताच चिरू नकोस, काळी पडतील. क्रीम मी येताना आणते.

तू घरीच थांब. बाबा आले की आधी मला फोन कर आणि त्यांच्यावर ओरडू नकोस. सॅलड त्यांनाच कालवू दे. त्यांच्या हातांना ते अजून आठवतं.

— चिमणी